सुम्निरू
वर्गाबाहेरची फरशी फिनेलनं पुसली, की मला हुबळीच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. माझ्या वडिलांना, अप्पांना, रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि मी धारवाडला एमएस्सी करत होते. "तिथं काय शिकवतात गं तुला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पेशीत आरएनएचा एक इवलासा तुकडा असतो. त्याच्यापासून काहीच बनत नाही, पण एखादं जनुक फार बोलायला लागलं, की तो त्याला गप्प करतो. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये नेमका तोच हरवतो, मग पेशी वाढायच्या थांबतच नाहीत. अप्पांनी उशाशी बसलेल्या आईकडं बघितलं आणि हसले. "म्हणजे हिच्यागत की. सुम्निरू म्हणणारी." भेटायला आलेलं कुणी रडायला लागलं, की आई कन्नडात एवढंच म्हणायची, सुम्निरू, गप्प रहा, आणि सगळी खोली गप्प व्हायची. अप्पा गेले त्या दिवशी आमच्या नवनगरच्या घरात सगळे मोठमोठ्यानं रडत होते. मी भिंतीला टेकून आईच्या त्या शब्दाची वाट बघत उभी होते. ती काही बोललीच नाही. आता आरएनएचा हा धडा वर्गात मीच शिकवते. सुम्निरू म्हटलं की मुलं हसतात, त्यांना लगेच समजतं. मला त्या दिवशीचं रडू मात्र अजून आलेलं नाही.