चौसष्ट अक्षरांचा ठसा

सेवेतली बहुतेक प्रकरणं मला कलमांवरून आठवतात. हे एक मात्र आवाजावरून आठवतं. नातवंडांनो, तुम्ही तिकडे परदेशात दिवसभर कॉम्प्युटरपुढे असता, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. इतरांनीही वाचायला हरकत नाही. नावं कुणाचीच देणार नाही.

मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्याची पोलीस निरीक्षक होते. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका विधवा बाईची एकुलती मुलगी सासरी मरण पावली. आदल्या दिवशी तिनं मोबाइलवर स्वतःचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. पलीकडच्या खोलीत सासरची माणसं होती, म्हणून ती अगदी हळू बोलली होती. कोण मारतं, कशासाठी मारतं, सगळं त्यात होतं. खटला त्या दोन मिनिटांवर उभा होता.

पंचांसमक्ष आम्ही ती फाइल ठाण्याच्या कॉम्प्युटरवर घेतली आणि हॅश काढणारा प्रोग्राम चालवला. हा प्रोग्राम फाइल आतून पूर्ण वाचतो आणि चौसष्ट अक्षरं-आकड्यांची एक ओळ देतो. माणसाचा अंगठ्याचा ठसा असतो, तसा हा फाइलचा. आत कणभर बदल झाला तरी सगळी ओळ बदलते. आमच्या हवालदारांनी चार-चार अक्षरं मोठ्यानं वाचली, मी पट्टी धरून पंचनाम्यात लिहिली. मोबाइल सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला.

दोषारोपपत्राच्या आधी खात्रीसाठी मी ठाण्यातल्या फाइलवर तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. पंचनाम्याशी पहिली चार अक्षरंच जुळेनात. तीनदा चालवला, तरी तेच. म्हणजे फाइलला कुणीतरी हात लावला होता. आरोपीचे वकील एवढंच म्हणणार होते, की व्हिडिओ पोलिसांनी बनवला. आणि मेलेली मुलगी कोर्टात खोटी ठरणार होती.

दुपारी मुद्देमाल सांभाळणारी महिला अंमलदार दार लोटून आत आली. "मॅडम, सांगावं का नको कळंना. कारखान्याला सुट्टी असली की त्या मुलीची आई येते. आपले हवालदार तिला कॉम्प्युटरपाशी बसवतात."

मी हवालदारांना बोलावलं. बार्शीकडचे, सरळ माणूस, निवृत्तीला वर्ष उरलेलं. आरोपीला बसवते तसंच समोर बसवलं, पाणी दिलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा आधी सबब सांगतो.

"फाइल कुणी उघडली?"

"मीच, मॅडम. लई नुकसान झालं का?"

"नुसती उघडून बदलत नाही. काय केलंत?"

"आवाज वाढवला अन् सेव्ह केली. पण नाव जुनंच ठेवलंय की. नाव तेच, म्हंजे फाइल तीच न्हाय का?"

"नाही. नावाला कोण विचारतंय? पण आवाज का वाढवला?"

ते टेबलाकडे बघत म्हणाले, "मॅडम, ती बाई तीस वर्षं मागाच्या खडखडाटात हाय. तिला ऐकूच येत न्हाय. पडद्याला कान लावून बसायची. मग मला विचारायची, 'अण्णा, पोरगी काय म्हणती?' शेवटाला ती पोरगी म्हणती, 'आई, मला घेऊन जा.' हे मी माझ्या तोंडानं कसं सांगू? म्हणून कालच आवाज वाढवून ठेवला, पुढल्या सुट्टीला तिची तिनं ऐकावं म्हणून."

रागवायचं ठरवून बसले होते. त्याऐवजी डायरी त्यांच्यापुढे सरकवली.

"स्टेशन डायरीत नोंद करा. जसं घडलं तसं."

"नोकरीचं काय हुईल?"

"ते वरिष्ठ ठरवतील. नोंद खोटी केलीत, तर मी ठरवेन."

आता भिस्त प्रयोगशाळेतल्या मोबाइलवर होती. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला. मोबाइलमधल्या मूळ फाइलचा ठसा त्यात छापलेला होता. हवालदार वाचत होते, मी पंचनाम्यावर पट्टी सरकवत होते. पाचवा गट, दहावा गट. शेवटची चार अक्षरं जुळली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

कोर्टात त्या डायरीच्या नोंदीवरून माझी कसून उलटतपासणी झाली. मी होतं ते सांगितलं. पुरावा टिकला, आरोपींना शिक्षा झाली. हवालदारांना लेखी ताकीद मिळाली. ती घेऊनच ते निवृत्त झाले.

पुढं कोर्टाच्या परवानगीनं आईला व्हिडिओची प्रत द्यायची होती. मी दोन दिल्या, एक जशीच्या तशी आणि एक आवाज वाढवलेली. दुसरी तिनं माझ्याच खोलीत लावली. ऐकता ऐकता मान हलवत होती, मुलगी समोर बसून बोलत असल्यासारखी. संपल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, मला न बोलताच गेली. 'आई' म्हणाली की वो."

प्रोग्रामनं मला फाइल बदलली एवढं सांगितलं. का बदलली, ते माणसाला विचारावं लागलं. पंचनाम्यातली चौसष्ट अक्षरं मी पुन्हा पुन्हा तपासली होती. आईला ऐकू आलं का, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.