पत्थर कुठे संपतो

हैदराबादेत नल्लकुंट्याला राहणाऱ्या सरोजबाई उमरीकर भारताचा नकाशा भिंतीवर कधी टांगत नसत. भिंतीवरच्या नकाशात उत्तर 'वर' जाते आणि मुलांना वाटते, नद्या सगळ्या वरून खाली येतात. म्हणून बाई नकाशा बैठकीतल्या सतरंजीवर अंथरत, उत्तर बरोबर उत्तरेला करून. त्यामुळे हिमालय स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा आणि पश्चिमेच्या आरामखुर्चीत पेपर वाचणाऱ्या प्रभाकररावांचे पाय अरबी समुद्रात.

"अहो, समुद्रातून पाय काढा, मुलं आली," असे म्हटले की रविवारचा वर्ग सुरू.

शाळेत बाईंनी सारी नोकरी पाचवी ते सातवीला भूगोल शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर घरी येऊ लागली ती आयटीतल्या घरांची मुले. ती इंग्रजी शाळेतली होती आणि मराठी अडखळत वाचत. आईबापांना मराठी कानावर पडायला हवे होते, बाईंना भूगोल शिकवायला हवा होता. दोघांचेही भागत होते. पण मुले उरली होती पाचच. त्यातली गौरी आणि रोहन कोंडापूरहून एकाच गाडीतून येत. एकाने सोडले की दुसऱ्याचेही बंद होणार, आणि मग वर्ग म्हणावा असे काही राहणार नाही, हे बाई जाणून होत्या.

त्या रविवारी प्रत्येकाने देशाचा एकेक भाग चित्र काढून समजावून सांगायचा होता. गौरी अकरा वर्षांची, हळू बोलणारी. तिने कागद उलगडला. नाशिकपासून थेट बंगळुरूच्या खालपर्यंत तिने मोठमोठे गोल दगड एकावर एक रचले होते, तिच्या बाल्कनीतून दिसतात तसे. सावल्यासुद्धा दिल्या होत्या.

"हे दख्खनचं पत्थर," ती म्हणाली.

रोहन खो-खो हसला. "अगं येडी, पठार! पत्थर काय? ड्रायव्हर अंकलकडे मराठीची ट्यूशन लावलीस का?"

मग सगळेच हसले. गौरी कागद गुंडाळायला लागली.

"राहू दे तसाच," बाई म्हणाल्या. "दगड छान उतरलेत." आणि रोहनला त्यांनी त्याचा किनारा सांगायला उभे केले. पण गौरीने तोवर गुंडाळलेल्या कागदाला रबरबँड लावला होता.

आठवड्याच्या मध्यावर तिच्या आईचा, पल्लवीचा, मेसेज आला. 'काकू, गौरी यायला नाही म्हणतेय. घरीसुद्धा मराठी बोलेना. सॉरी.'

"चला," प्रभाकरराव म्हणाले, "आता मी निवांत समुद्रात पाय सोडून बसतो."

"तुम्हाला मस्करी सुचायली! पोरगी बोलायची बंद झाली तिकडं."

बाईंनी पल्लवीला फोन लावला आणि गौरीलाच मागितले.

"गौरी, दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याला चाललात ना? दिवसाच्या गाडीनं?"

"हं."

"माझं एक काम कर. आम्ही पुण्याला गेलो की रात्रीच्या बसनं. खिडकीबाहेर नुसता काळोख. ते तुझे पत्थर कुठवर आहेत, मला ठाऊकच नाही. बघून सांगशील?"

"पत्थर नाही म्हणायचं. पठार," गौरी कोरडेपणाने म्हणाली.

"पठाराचं मी बघते. तू पत्थर बघ."

"मराठीत सांगायचं?"

"तुला येईल त्यात सांग गं."

सुट्टी लागली. त्या दिवशी दुपारी सरोजबाईंनी फोन पदराला बांधल्यासारखा जवळ ठेवला. पहिला आवाजी मेसेज आला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या.

"आजी, लिंगमपल्ली गेलं. पत्थर आहेत अजून. एक हत्तीसारखा आहे."

मग थोड्या वेळाने, "आजी, संपले! आता सगळी माती लाल. एकदम लाल. विकाराबाद लिहिलंय."

पुढचा मेसेज गाडीच्या खडखडाटात बुडालेला. "तांडूर. इथं दगड फ्लॅट आहेत, बिस्किटांचे थर असतात ना, तसे. बाबा म्हणतात पुढच्या शहाबादच्या फरश्या पण अशाच. पुण्यात आजोबांच्या अंगणात त्याच आहेत."

प्रभाकररावांनी पेपर कधीच खाली ठेवला होता. "मग पुढं?" ते म्हणाले, जणू फोनमधली गौरी त्यांचेच ऐकणार होती.

अंधार पडता पडता शेवटचा आला. "गुलबर्गा. माती काळी झाली. पण आजी, सगळं अजून सपाटच आहे. घाट नाही आला, उतार नाही. म्हणजे पत्थर बदलतात, पण पठार तेच आहे ना? ते संपलंच नाही ना अजून?"

बाईंनी तो मेसेज पुन्हा लावला. उत्तरात त्यांनी एवढेच म्हटले, "नाही संपलं. पुण्याच्याही पुढं जातं. आता जेवून घे."

सुट्टीनंतरच्या रविवारी पाचही मुले आली. गौरीने नवा कागद आणला होता. हैदराबादच्या भोवती तेच गोल दगड, हत्तीसकट. मग लाल पट्टा, फरश्यांचे थर, काळी माती, आणि या सगळ्याच्या खाली टेबलासारखी एक जाड सरळ रेघ. पुण्याहून आणलेला काळा दगड तिने सतरंजीवरच्या नकाशावर, पुण्यापाशी, ठेवला.

रोहन वाकून वाचू लागला. "परत पत्थर लिहिलंस?"

"हो. पठारावरचे पत्थर. नीट वाच, पठार पण लिहिलंय."

रोहनने अडखळत वाचले. लिहिलेले होते.

दगड ठेवून मागे सरकताना गौरीचा धक्का आरामखुर्चीला लागला. ती वळली आणि प्रभाकररावांकडे बघून म्हणाली, "आजोबा, पाय. समुद्र आहे तो."