कागदावर अपंग झालेले आबाराव

येरमाळ्याच्या जाईबाई नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणतं. पेन्शनीवर आयकर बसतो म्हणून दरवर्षी कळंबला रिटर्न भरून देणाऱ्या शिवप्रसादच्या दुकानी जायचं, कागद द्यायचे, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा आणि चहा पिऊन परतायचं, हा त्यांचा शिरस्ता. यंदा शिवप्रसाद म्हणाला, "सिस्टर, औंदा रिफंड चांगला बसवलाय." रिफंड आलाही. तो कसा बसला, हे काही जाईबाईंनी विचारलं नाही.

डिसेंबरात आयकर खात्याचा मेसेज आला. तुम्ही घेतलेली एक सूट तपासा, चुकीची असेल तर मुदतीत रिटर्न दुरुस्त करा. त्या दिवशी लेक भाग्यश्री माहेरी आली होती. तिनं रिटर्न उघडून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काय गं?"

"आई, ह्यात दादांना अपंग दाखवलंय. तू त्यांना सांभाळतीस म्हणून सूट घेतलीय."

तिचे दादा, म्हणजे जाईबाईंचे नवरे आबाराव, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. ते खदखदा हसले. "बघू तर, कुठला पाय गेलाय माझा?" म्हणत उठले आणि अंगणभर लंगडून दाखवलं. भाग्यश्रीला हसू आवरेना. जाईबाई मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या.

लेकीच्या जन्माआधीची गोष्ट. ढोकीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली आणि आबाराव खाली सापडले. हा माणूस काठीशिवाय उभा राहायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. जाईबाई ड्यूटीवरून यायच्या आणि लुगडं खोचून त्यांच्याकडून पायाचे व्यायाम करून घ्यायच्या. आबाराव कळवळायचे, शिव्या घालायचे. एकदा तर पाण्याचा तांब्या फेकून मारला. जाईबाई म्हणाल्या, "मारा अजून. पण उठून मारा." वर्ष सरता सरता ते उठले.

बायकोचा चेहरा बघून आबारावांचं लंगडणं थांबलं. ते शेजारी येऊन बसले.

"तवा तांब्या कुठं लागला होता गं?"

"खांद्याला."

"कधी बोलली न्हाईस."

"तुमी उभं राहिलात. मग काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं कळंबला गेले. शिवप्रसादनं "जयभीम सिस्टर" म्हणत खुर्च्या पुढं केल्या. विषय कळल्यावर मात्र तो कानकोंडा झाला.

"सगळेच घेतात हो सिस्टर. तुमचा फायदा व्हावा म्हणूनच केलं. कोण बघाया येतंय?"

"म्या बघते की रोज," जाईबाई म्हणाल्या. "ज्यांची लेकरं खरंच अपंग हायेत, त्यास्नी दाखल्यासाठी हेलपाटे घालताना म्या बघितलंय. त्यांच्या ताटातलं मला नको. म्याबी न वाचता ओटीपी दिला, ती चूक माझी. आता दुरुस्त कर, बाबा."

"रिफंड व्याजासकट माघारी भरावा लागंल."

"भरू," आबाराव मध्येच म्हणाले. "पाय फुकटात परत मिळतोय व्हय?"

शिवप्रसादलाही हसू आलं. त्यानं ती सूट काढली, फरकाची रक्कम बँकेतून भरून घेतली आणि सुधारित रिटर्न दाखल केलं. ह्या खेपेला जाईबाईंनी चष्मा लावून पडद्यावरची ओळ न् ओळ वाचली, मगच ओटीपी सांगितला. निघताना शिवप्रसादनं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, आणखी काही जणांचं असंच भरलंय म्या."

"मग फोन लाव की त्यास्नी. मुदत हाय अजून."

जाईबाई पायरी उतरेपर्यंत त्यानं पहिला फोन लावलाही होता. "गोरोबामामा, जरा दुकानाकडं येता का? न्हाय, घाबरू नका. कागदावर मामीचे डोळे गेलेत, ते परत आणायचेत."

आबाराव रस्त्यात थांबून पोट धरधरून हसले. आणि कालपासून पहिल्यांदाच जाईबाईही हसल्या.