चंपीवरच्या माश्या वारणारा माणूस

आमच्या मठात गुरुवारच्या आरतीनंतर मला आलेला महाराजांचा एक अनुभव अधूनमधून सांगितला जातो. हल्ली तो दुसरेच सांगतात आणि माझ्याकडे बघून हात जोडतात. त्यातला महत्त्वाचा भाग मी खोटा सांगितला होता. आता वय झालं, जिना चढताना धाप लागते. म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

बायको गेल्यापासून देवावरून माझं मन उडालं होतं. पोथी फडक्यात बांधून ठेवली होती. मठात जायचो ते पायांच्या सवयीने. घरात उरलो मी आणि चंपी. चंपी म्हणजे बायकोने टेमघरच्या नाक्यावरून उचलून आणलेली कुत्री. बायको संध्याकाळी भाजी घेऊन यायची, त्या वेळेला चंपी अजूनही दाराशी जाऊन बसायची. मी तिला कधी उठवलं नाही. माझ्या बायकोची वाट बघणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात गोदामाकडे जाणाऱ्या एका टेम्पोने चंपीला फरफटत नेलं. पाठीची कातडी सोलली आणि मांडीला खोल जखम झाली. मी जन्मभर कापडाचे लूम दुरुस्त केलेला माणूस. कारखान्याच्या दारातल्या कुत्र्यांना खरूज होवो की जखम, आमच्याकडे एकच दवा होता, मशिनचं जळकं ऑईल ओतायचं. सगळे ओततात म्हणून मीही ओतलं. चंपीने ते चाटलं आणि ओकत राहिली. जखम चिघळली, माश्या बसल्या. डॉक्टरकडे नेली तेव्हा मांडीच्या आत अळ्या वळवळत होत्या. त्यांनी चिमट्याने त्या काढल्या, ऑईल धुतलं, इंजेक्शन दिलं, जखमेच्या कडेने मारायला स्प्रे दिला. म्हणाले, जखम आता भरेल, पण पुन्हा माश्या बसून अळ्या पडल्या तर ही निभावणार नाही. पट्टी ती दाताने फाडून टाकायची. मच्छरदाणीत घातली तर अशी तडफडायची की धरलेली खपली निघून यायची. तेव्हा तिला घरात, पंख्याखाली ठेवायचं ठरलं.

पण आमच्याकडे दुपारची लाईट जाते. पंखा थांबला की गटारावरच्या माश्या घरात यायच्या. मी पुठ्ठा घेऊन वारत बसायचो. माझा हात थरथरतो, त्यात शुगर. माश्या उठायच्या आणि फिरून तिथेच बसायच्या. एका दुपारी मी महाराजांच्या फोटोकडे बघून मोठ्याने म्हणालो, "बायको नेलीत, आता हिलाही न्या, मलाही न्या. पण माश्यांच्या तोंडी देऊ नका." ती प्रार्थना नव्हती, वैतागून बोललो होतो. बोलता बोलता भिंतीला टेकलो आणि मला ग्लानी आली.

डोळे उघडले तेव्हाही लाईट आली नव्हती. चंपी शांत झोपली होती. तिच्या शेजारी एक माणूस मांडी घालून बसला होता आणि लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा तिच्या अंगावरून संथ हलवत होता. एकही माशी बसत नव्हती.

इथपर्यंत मठात सांगितलेलं खरं आहे. पुढे मी असं सांगितलं की त्यांना पाणी आणायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर कोणीच नाही. कोणीतरी विचारलं, दिसायला कसे होते? मी म्हणालो, दाढी होती, डोळे फार शांत होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दाढी मात्र खरी होती.

तो शमीम होता. आमच्या वरच्या खोलीत राहायचा, रातपाळीला लूम चालवायचा. कित्येक वर्षं तो जिन्यात मला सलाम करायचा आणि मी मान फिरवायचो. त्याच्या स्वयंपाकाच्या वासावरून घरमालकाकडे तक्रारही केली होती. त्या दुपारी मी दचकून उठलो तर म्हणाला, "लेटे रहो, बाबा. ही रडत होती, मला झोप नाय लागली. रात को मशीन देखता हूँ, दिन में मक्खी देख लूँगा." मी त्याला पाणीही विचारलं नाही. तो लाईट येईपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पंखा थांबल्याबरोबर जिन्यावर पावलं वाजली. जखम कोरडी होईपर्यंत तो असाच स्वतःची झोप मोडून येत राहिला आणि त्याच लाल, चुरचुरत्या डोळ्यांनी ड्युटीवर जात राहिला.

खोटं का बोललो? हातात माईक होता, समोर सगळी आपली माणसं बसली होती. शमीम म्हणालो असतो तर तो अनुभव राहिला नसता, शेजाऱ्याने केलेली मदत झाली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर मठात ते नाव घ्यायची मला लाज वाटली.

चाळीत काही लपत नाही. एकदा जिन्यात तोच हसत म्हणाला, "बाबा, सुना मैं गायब हो गया? मैं तो ऊपरच रहता हूँ. भाडा पण भरतो." त्याने चेष्टेवारी नेलं, चंपीच्या डोक्यावर हात फिरवला आणि वर गेला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतरही प्रत्येक गुरुवारी मी गप्प बसलो, लोक पाया पडले ते पडू दिले. मग त्याचा कारखाना बंद पडला आणि तो गावी निघाला. निरोप घ्यायला खाली आला तेव्हा माफीचे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी विचारलं, गाडी कुठून आहे. चंपी त्याच्या रिक्षामागे नाक्यापर्यंत धावत गेली. आता त्याचा फोन लागत नाही. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांना त्याचा जिल्हा माहीत आहे, गाव कोणालाच नाही.

महाराजांनी त्या दुपारी माझं ऐकलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी धड हातही जोडले नव्हते, तरी ऐकलं, आणि माझ्या डोक्यावर राहणारा माणूस झोपेतून उठवून पाठवला. त्याचे उपकार मोजायची माझी लायकी नाही. शरण जायचं म्हणजे मिळेल ते मान खाली घालून घ्यायचं, असं मी पोथीत वाचत आलो. मी घेतलं, पण ज्या हाताने दिलं तो हात मला चालला नाही. शमीम नाहीसा झालाच नव्हता. त्याला मी नाहीसं केलं.

येत्या गुरुवारी मठात हे सगळं सांगणार आहे. माईक कोणी मध्येच काढून घेईल, म्हणून सुरुवात त्याच्या नावापासून करीन.