कुलूपबंद कपाटातलं पुस्तक मायच्या गाठोड्यात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. दादांनी — म्हणजे माझ्या वडिलांनी — धम्मदीक्षा घेतली, त्याच आठवड्यात आमच्या घरातले ताईत, अंगारे, दोरे सगळे ओढ्यात गेले. त्यामुळे "भूत असेल" असं खाली कुणी लिहू नका. राग येतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ होता. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, कंधारच्या शिवेजवळ. विहिरीनं तळ दाखवलेला, टँकर आला तर आला. दादा आणि माय दोघंही पाझर तलावाच्या कामावर — दादा माती खणायचे, माय पाट्या वाहायची. थेंब नसलेल्या तलावासाठी! मी नांदेडला कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर. चपलेचा अंगठा तुटला तो तुटलाच, अनवाणीच फिरायचो.

कॉलेजच्या लायब्ररीत बुक बँक होती. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी पुस्तकं देण्याची सरकारी योजना. ती पुस्तकं कोपऱ्यातल्या एका लोखंडी कपाटात, आणि किल्ली क्लार्कच्या खिशात. मी जूनमध्ये अर्ज घेऊन गेलो. त्यानं जातीचा दाखला उलटासुलटा केला.

"यावर शिक्का उस्मानाबादचा आहे. तुमचा जिल्हा आता लातूर. नवा आणा."

"साहेब, जिल्हा बदलला. जात बदलली का?"

"शहाणपणा बाहेर."

लातूरला गेलो. नव्या ऑफिसात टेबलं अजून सुतळीनं बांधलेली. म्हणाले, रेकॉर्ड तिकडून आलंच नाही, उस्मानाबादला जा. तिथं म्हणाले, तुमचं सगळं लातूरला पाठवलं... दोन जिल्ह्यांच्या मध्ये माझी जात हरवली होती, आणि पुस्तकं कपाटात होती.

मग मी हट्टाला पेटलो. रोज लायब्ररीच्या वाचनालयात बसायचो. पुस्तक घ्यायचं बी.टी. कार्ड काउंटरवर ठेवायचं, रजिस्टरवर येतानाची-जातानाची सही करायची, आणि जे पुस्तक फक्त आत बसून वाचायला मिळतं ते वहीत उतरवून काढायचं. आख्खं अर्थशास्त्र मी असं हातानं लिहून काढत होतो. शिपाई रहीमचाचा जाता-येता म्हणायचे, "क्या रे बेटा, छापखाना खोला क्या?"

परीक्षेच्या आधी लायब्ररीचा ना-देय दाखला, म्हणजे एकही पुस्तक बाकी नाही असा कागद, लागायचा, त्याशिवाय हॉल तिकीट नाही. क्लार्कनं रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "बुक बँकेचं अर्थशास्त्र तुमच्या नावावर आहे. जमा करा."

मला आधी हसू आलं. "ज्या कपाटाचं दार मी उघडलेलं पाहिलं नाही, त्यातलं पुस्तक मला दिलं?"

"सही कुणाची ही?"

सही माझी होती. 'सिद्धार्थ'मधला 'द्ध' मी लहानपणापासून उलटा वळवतो, तसाच. तारीख मागच्या गुरुवारची.

"पुस्तक नाही तर परीक्षा नाही," तो म्हणाला. "तुम्ही लोक फुकटचं नेता आणि गावाकडं विकता."

तुम्ही लोक! हात उठला होता. रहीमचाचांनी मागून धरला म्हणून क्लार्क वाचला. बाहेर नेऊन चाचा म्हणाले, "जुमेरात को, गुरुवार को, तू सुबह से शाम तक मेरे सामने बैठा था. मैं देखता ना."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेलो. दादांना सांगावं, परीक्षा बुडाली म्हणून. थेट कामावर पोचलो तर जेवणाची सुट्टी झालेली. बाया बाभळीखाली बसलेल्या.

"आला गं बया बॅलिस्टर!" काशीमावशी ओरडली. "त्या दिशी बुटात आला व्हतास, आज अनवाणी? बूट इकून खाल्ले का काय?"

सगळ्या हसल्या. मी मायकडं पाहिलं.

"पुस्तक न्यायला आलास व्हय?" ती म्हणाली, आणि भाकरीच्या गाठोड्यातून लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

बुक बँकेचा शिक्का. अर्थशास्त्र.

"माय, हे कुणी दिलं?"

"आता गं! तूच दिलंस की. गुरवारी. हितंच."

"मी नांदेडला होतो."

"मग मी काय पोरगं वळखंना का माजं? भाकर खा म्हनलं तर न्हाई म्हनलास. बूट बगून म्हनलं, बरं झालं, पोराच्या पायाला काय तरी आलं."

"काय बोललो मी?"

"म्हनलास, माय, हे भिजू देऊ नको. मी म्हनलं, येड्या, आभाळात ढग न्हाई, भिजंल कशानं?"

दादा, मुकादम, आठ-दहा बाया — सगळ्यांनी मला पाहिलं होतं.

नांदेडला परत आलो तो पुस्तक घेऊन सरळ ग्रंथपाल सरांपुढं. म्हणालो, "पुस्तक देतो. पण आधी ते कपाट उघडा, माझ्यासमोर." चाचांनी न सांगता वाचनालयाचं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. गुरुवार — सकाळी आलो, संध्याकाळी गेलो, दोन्ही सह्या माझ्या.

क्लार्क म्हणाला, किल्ली घरी राहिली. सर म्हणाले, "जाऊन आणा."

कपाट उघडलं आणि वास आला. मागच्या भिंतीतून टाकीचा पाइप जात होता, तो गळत होता. किती महिने, कोण जाणे. पुस्तकांचा लगदा झाला होता. बुरशी, वाळवी. शंभरेक पुस्तकं असतील. एकही पान सुटं होत नव्हतं.

गावात माय घागरीसाठी टँकरमागं पळत होती, आणि इथं कुलपाच्या आत पाणी आमची पुस्तकं खात होतं!

"हे कधी उघडलं होतंत?" सरांनी विचारलं.

"वर्षभरात... नाही उघडलं सर."

"मग ही नोंद?"

क्लार्कनं रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "पण मी लिहिलेलं नाही." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. मला दया आली नाही. आजही येत नाही.

मी खूप डोकं लावलं. कुणी माझं सोंग घेतलं म्हणावं, तर मायला फसवणारा अजून जन्मला नाही. नोंद चुकीची म्हणावी, तर पुस्तक खरं होतं, कोरडं होतं, माझ्या हातात होतं. ते बूट कुणाचे होते, तेही कळलं नाही. माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्याकडं असेल तर सांगा, भूत सोडून.

पुढच्या वर्षीपासून बुक बँक उघड्या रॅकवर आली, कुलपाशिवाय. मला हॉल तिकीट मिळालं. मी बी.ए. झालो, दुसऱ्या वर्गात. आमच्या वस्तीतला पहिला.