आठ चादरींचा डायनोसॉर

आमच्या व्याह्यांइतका खरेपणाचा हट्टी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या घरात मी मुलगी देणार नाही, एकाच अनुभवात माझी हौस फिटली आहे. तीस वर्षं नातेपुत्याला विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि मुलाकडे सोलापुरात राहायला आले. मी चित्रकलेचा मास्तर, मीही निवृत्त. दोन रिकामे मास्तर आणि त्यांच्यात मिळून पाच वर्षांची एक नात, मनू. तिला कुणीतरी वाढदिवसाला डायनोसॉरचं पुस्तक दिलं. त्यात एक डायनोसॉर माणसाच्या मागे धावत होता. व्याह्यांनी ते पुस्तक मिटलं आणि मनूला जवळ घेऊन म्हणाले, "बाळ, हे समदं खोटं हाय. ते होते तवा माणूस नव्हताच की! मी तुला खरं पुस्तक लिहून देतो. येत्या दिवाळीला." मग माझ्याकडं वळून, "चित्रं व्याहीबुवा काढतील." मुलीचा बाप काय बोलणार? मी मान डोलावली. या गोष्टीला सात दिवाळ्या झाल्या.

पहिलं चित्र मी आठवड्यात काढून नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावला. "शेपूट लोळतीया की ही! पायाचे ठसे ढिगानं सापडलेत, तितं शेपूट घासल्याच्या खुणा कितीशा हायत?" मी शेपूट उचलली. मग मान जास्त वाकली होती, ती सरळ केली. मग कुठंसं वाचून आले की मांसाहारी जातींतल्या काहींना पिसं होती. मी महिनाभर पिसं काढली. तीन महिन्यांनी पुन्हा दारात उभे, "ह्या जातीचं नक्की न्हाय, काढून टाका." आमच्या घरात कधी कोंबडी शिजली नाही, पण व्याह्यांपायी मी डायनोसॉर सोलला. रंग भरायला घेतले, तर म्हणाले, "रंग कुणी बघितलाय?" वर्षभर पुस्तक बिनरंगाचं पडून राहिलं. शेवटी पानोपानी 'रंग अंदाजे' असं लिहायच्या अटीवर मला हिरवा वापरू दिला. मी घरी येऊन चरफडलो की आमची ही म्हणायची, "जपून बोला, लेकीचं सासर आहे."

पण या सगळ्यावर ताण केली ती चादरींनी. लांब मानेच्या डायनोसॉरची लांबी मीटरमध्ये लिहायला व्याही तयार होईनात. "मीटर पोरांना दिसत न्हाय. सोलापूरच्या पोराला चादर दिसती." झालं, वसाहतीतल्या घरोघरी फिरून आठ चादरी गोळा केल्या आणि मैदानात एकीला एक लावून अंथरल्या. मनू शेपटीपासून डोक्यापर्यंत मोजत पळाली, "एक, दोन, तीन..." आणि आठव्या चादरीवर आडवी होऊन ओरडली, "आजोबा, एवढा मोठा?" त्या दिवशी मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो. चित्र झालं, मजकूर जुळला. आणि चार दिवसांनी भर दुपारी, डोक्यावर टॉवेल टाकून व्याही हजर.

"घोटाळा झाला, व्याहीबुवा. चादरी धुतलेल्या होत्या."

"मग?"

"धुतल्यावर चादर आटती. एकीला चार बोटं. आठ चादरींत दोन फूट शेपूट खोटी निघाली की!"

माझा तोल सुटला. "अहो, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर! दोन फुटांनी त्याचं काय बिघडणार आहे?"

"त्याचं न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "मनूचं बिघडंल."

पुढच्या रविवारी कोऱ्या चादरी मिळवून आम्ही पुन्हा मोजणी केली.

हे असं चालू असताना पोरगी वाढत होती, आणि मला खरा राग त्याचा होता. पहिल्या तीन दिवाळ्यांना फराळाला बसली की ती विचारायची, "आजोबा, माझं पुस्तक झालं?" नंतर विचारायची बंद झाली. आता ती सातवीत आहे, माझ्या खांद्याला लागते आणि सायकलवरून जाता जाता आम्हाला हात करते. मी व्याह्यांना एकदा स्पष्टच म्हणालो, "जिच्यासाठी लिहिताय ती तुमच्या पुस्तकातून मोठी होऊन गेली." दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखान्याला होकार कळवला.

परवा शेवटची तपासणी झाली. व्याही नेहमीसारखे खिशात खोडरबर घेऊन बसले होते. एकेक पान उलटत आम्ही चादरींच्या चित्राशी आलो. त्यात डायनोसॉरच्या पायाशी, आकार कळावा म्हणून, मी फ्रॉकमधली एक मुलगी काढली होती. शेजारी व्याह्यांनीच दाराच्या चौकटीला टेप लावून घेतलेलं माप होतं, 'ही मनू. उंची तीन फूट पाच इंच.' नऊ वेळा डायनोसॉर बदलला होता, मुलगी तीच होती. सात वर्षांच्या सवयीनं मी म्हणालो, "हे आता खरं नाही. बदलू का उंची?"

व्याह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ घेतला. मी आपला खोडरबराची वाट बघत हात पुढं करून बसलो होतो.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "एवढं एक चुकीचं ऱ्हाऊ द्या, व्याहीबुवा."

आणि त्यांनी स्वतःच पान उलटलं.