खंडेनवमीचं पिस्तूल

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग मुलीने काढली. ठिकाण हर्नडन, व्हर्जिनिया. अठ्ठावीस वर्षं पलटणीत घालवली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो, आणि आता नातीला स्कूल बसपर्यंत पोचवणं ही माझी ड्यूटी. सकाळी सात चौदाला आम्ही स्टॉपवर हजर असतो. बस कधी सात बावीसला येते, कधी साडेसातला, आणि ड्रायव्हरला कोणी जाब विचारत नाही. सुरुवातीला मी चिडायचो. आता चिडत नाही.

इथल्या मराठी लोकांत मी ‘सुभेदार काका’ झालो आहे. मंडळाच्या कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवतात आणि हातात माईक देऊन काहीतरी सांगा म्हणतात. मी बर्फाच्या गोष्टी सांगतो, खेचरांच्या सांगतो. लोक हसतात. एक गोष्ट मात्र एकवीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, घरच्यांनासुद्धा. ती परवाच्या खंडेनवमीला एका तळघरात सांगितली.

तळघर नीलेशचं. नीलेश मूळचा नागपूरचा, सतरा वर्षांपूर्वी कंपनीच्या व्हिसावर आला, आता सिटिझन आहे. आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. बायको मधुरा, मुलगी रिया. दिवसभर कॉम्प्युटर, आणि शनिवारी बंदुका. त्याच्या तळघरात माणसाच्या उंचीची तिजोरी आहे आणि तिच्यात अकरा हत्यारं. पहिल्यांदा मला नेऊन एकेक बाहेर काढू लागला तेव्हा साडीच्या दुकानातला सेल्समन आठवला.

“काका, हे जुनं रिव्हॉल्व्हर मी ऑक्शनमध्ये घेतलं. आणि हे अजून एकदाही फायर नाही केलं. मिंट कंडिशन!”

“मग घेतलं कशाला?”

“कलेक्शन आहे ना काका.”

मी पलटणीत काही वर्षं कोत एनसीओ होतो. कोत म्हणजे शस्त्रागार. एकशे चाळीस हत्यारं माझ्या सहीवर होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. हत्यार हौसेने जमवायचं असतं हे मला इथे येऊन कळलं. पण खोटं कशाला बोलू, नीलेशची हत्यारं साफ होती. नळीतून चिंदी फिरवली तर चिंदीला काही लागत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये मागच्या गल्लीत एका देशी घरात भरदिवसा चोर शिरले आणि सोनं घेऊन गेले. त्यानंतर आठवड्याभरात नीलेश माझ्याकडे आला. जवळ पिस्तूल बाळगायचं परमिट त्याच्याकडे होतं, आता त्याला रोज कमरेला लावायला एक भरवशाचं पिस्तूल निवडायचं होतं. तीन त्याने बाजूला काढली होती.

“इंटरनेटवर शंभर लोक शंभर गोष्टी सांगतात,” तो म्हणाला. “तुमची लाइफ गेलीये यात. तुम्ही बोट दाखवा, मी तेच कॅरी करणार. घरात मधुरा आणि रिया असतात यार काका.”

मला नाही म्हणायचं होतं. मी दिलेलं पिस्तूल घेऊन पुन्हा कुणी पुढे जावं हे मला नको होतं. पण नाही म्हटलं की कारण द्यावं लागलं असतं. मी हो म्हणालो.

शनिवारी सकाळी दहाला रेंजवर गेलो. मी त्याला सांगितलं, जी गोळी रोज भरणार तीच आज वापरायची. मॅगझिनवर नंबर टाकायचे, म्हणजे दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा ते कळतं. प्रत्येकातून दोनशे राउंड, त्यातले वीस डाव्या हाताने. मी मागे उभा राहून मोजत होतो. पहिलं पिस्तूल एकसष्टाव्या राउंडला अडलं. तिसरं चाललं छान, पण नीलेशचा हात लहान, मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत अंगठा पोचेना. दुसरं काळं, जाडजूड, दिसायला अगदीच कुरूप, पण दोनशेच्या दोनशे राउंड त्याने कुरकुर न करता उडवले. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

“हेच? हे तर सगळ्यात स्वस्त आहे काका.”

“हेच. साफ करायचं, आणि उघडून जोडलं की दहा राउंड फायर करायचे. तोपर्यंत ते कमरेला लावायचं नाही.”

“येस सर,” म्हणून त्याने सलाम ठोकला. तळहात भलतीकडेच होता.

या वर्षी खंडेनवमी नेमकी रविवारी आली, त्यामुळे इथल्या रिवाजाप्रमाणे वीकेंडला ढकलावी लागली नाही. नीलेशने शस्त्रपूजा ठेवली होती आणि मला मान म्हणून बोलावलं होतं. अकरा वाजता मी पोचलो. तळघरात आठ-दहा माणसं होती. टेबलावर लाल कापड, देवीची तसबीर, झेंडूच्या माळा आणि ओळीने मांडलेली हत्यारं. शेजारी दोन लॅपटॉप आणि नीलेशचा ड्रिलसुद्धा पूजेला होता. मी निवडलेलं पिस्तूल मधोमध. नियम पाळून त्याने मॅगझिन काढलं होतं आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवली होती, म्हणजे आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसावं. त्यामुळे पिस्तुलाच्या पाठीवर उघडी खिडकी झाली होती. मधुराने कुंकवात भिजवलेल्या अक्षता सगळ्यांच्या हातावर दिल्या.

माझ्याही हातावर दिल्या. बाकीच्यांनी त्या हत्यारांवर टाकल्या, मला टाकता आल्या नाहीत. आरती झाली. रियाने विचारलं, “बाबा, व्हाय आर वी प्रेइंग टु द ड्रिल?” सगळे हसले. नीलेशने पिस्तूल उचललं, फडक्याने वरून पुसलं, स्लाइड सोडली, मॅगझिन चढवलं आणि कमरेला लावलं. सकाळी घरी साफ केलेलं पिस्तूल, त्याच्या मते तयार होतं. रेस्टॉरंटमधून सगळ्यांचं जेवण आणायला तो निघाला होता.

“नीलेश, ते काढ,” मी म्हणालो.

“काय झालं काका?”

“काढ. खाली कर. उघड.”

माझा आवाज चढला असावा, कारण सगळे माझ्याकडे वळले. त्याने मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये गोळी नाही हे बघितलं, स्लाइड उतरवून टेबलावर ठेवली. स्लाइडच्या आतल्या बाजूला तेलात चिकटलेला तांदळाचा एक दाणा होता. नळीच्या मुळाशी आणखी एक. कुंकू आणि तेल मिळून लाल चिखल झाला होता.

“वॉव. गुड कॅच काका!” नीलेश हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

मग मी सांगितलं. तेच इथे लिहितो.

आमची कंपनी खोऱ्यात होती. मी हवालदार, कोत माझ्याकडे. खंडेनवमीला सकाळी दहा वाजता कोतसमोर पूजा झाली. ब्लँकेटवर हत्यारं मांडली. तीन पिस्तुलं पुढे, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे. नियमच तो. पंडितजींनी मंत्र म्हटले, कंपनी कमांडर साहेबांनी अक्षता टाकल्या, मग सगळ्या जवानांनी टाकल्या. दुपारी तीनला साफसफाई ठरली होती. मी दीडलाच रायफली साफ करायला घेतल्या, पिस्तुलं लहान म्हणून शेवटी ठेवली. एक पन्नासला खबर आली की सहा किलोमीटरवरच्या गावात दोन अतिरेकी लपलेत. दोन वाजून दहा मिनिटांनी गाड्या निघाल्या. पिस्तुलं मी फडक्याने वरून पुसून दिली.

त्यातलं एक नाईक महादेव शेडगेला मिळालं. घरात शिरताना पहिल्या माणसाकडे पिस्तूल असतं, कारण अरुंद जागेत लांब रायफल वळत नाही. शेडगे जावळीकडचा. बोलायला कमी, पत्त्यात मात्र डाव चोरायचा. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. रजेचे दिवस होते, माणसं कमी, म्हणून मीही पार्टीत होतो. शेडगेच्या मागचा माणूस मी.

रात्रभर आम्ही त्या घराला घेरा घालून बसलो. शेडगे माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्याकडे तेलाची बाटली होती, चिंदी होती, सात-आठ तास होते. पिस्तूल उघडून बघावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पूजा झालेलं हत्यार तयारच असतं असं काहीतरी डोक्यात असावं. आज नक्की सांगता येत नाही.

सकाळी सहा चाळीसला रेडिओवर आमच्या एक नंबरच्या पार्टीला हुकूम आला. “एक, आत जा. ओव्हर.” खालच्या खोल्या रिकाम्या होत्या. माडीचा जिना लाकडी, एका माणसाच्या रुंदीचा. शेडगे पुढे, मी मागे. वरून दार उघडलं. शेडगेने पहिला राउंड मारला, तो लागला. दुसरा गेला नाही.

“स्टॉपेज!” शेडगे ओरडला.

ड्रिल साधं आहे. पुढच्याने खाली बसायचं, मागच्याने त्याच्या डोक्यावरून फायर द्यायचं. शेडगे खाली बसला. आणि मी त्याच्या हाताकडे बघितलं. मी कोतचा माणूस. हत्यार अडलं की माझी नजर आधी हत्याराकडे जाते, कुठे अडलं, काय अडलं. स्लाइड पाव इंच उघडी राहिली होती. तेवढं मी बघितलं. दाराकडे बघायला हवं होतं. नजर वर गेली तोवर वरून गोळ्यांचा बर्स्ट आला होता.

सात दहाला ऑपरेशन संपलं. आतले दोघं मारले गेले. आमचा एक गेला.

संध्याकाळी मी कोतमध्ये ते पिस्तूल उघडलं. चेंबरच्या तोंडाशी तांदळाचा दाणा चेपला होता, लाल. पहिल्या राउंडच्या झटक्याने कुठूनतरी सुटून तिथे गेला असणार. मी तो चिमट्याने काढला आणि पिस्तूल साफ केलं. चौकशीत विचारलं, स्टॉपेजचं कारण? मी म्हणालो, “समजू शकलं नाही, साहेब.” राउंड सदोष असावा असं लिहिलं गेलं. शेडगेच्या घरी मीच गेलो. त्याच्या बायकोने विचारलं, शेवटी काय बोलले? मी सांगितलं, देवीचं नाव घेतलं. तिला बरं वाटलं. मला तेव्हा काही वाटलं नाही, आणि नंतरही फारसं काही वाटेनासं झालं. पुढच्या वर्षी प्रमोशन आलं तेव्हासुद्धा नाही.

एवढं सांगून मी थांबलो. नीलेश पिस्तुलाचे सुटे भाग टॉवेलवर मांडून नुसता उभा होता. मधुराने रियाला कधीच वर पाठवलं होतं.

“काका,” मधुरा म्हणाली, “त्यांच्या घरी हे माहीत आहे?”

“नाही.”

“घरी कोण असतं आता?”

“बायको. आणि मुलगी, प्रणाली. साताऱ्यात नोकरी करते. दर दसऱ्याला मी फोन करतो.”

“मग आम्हाला का सांगितलंत?” ती रागावली नव्हती. तिने साधं विचारलं.

त्या दिवशी जेवण आणायला मधुरा गेली. मी मागच्या डेकवर जाऊन फोन लावला. इथे अकरा पन्नास, तिकडे रात्रीचे नऊ वीस.

“काका? दसरा उद्या आहे ना? आज कसा काय फोन?”

“प्रणाली, तुझ्या बाबांबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. मध्ये थांबवू नकोस.”

तिने थांबवलं नाही. पूजा, अक्षता, रात्रभराचा घेरा, चिमटा, चौकशीतलं माझं उत्तर, सगळं ओळीने सांगितलं. चार मिनिटं लागली. पलीकडे टीव्ही चालू होता, तो मधेच बंद झाला.

“मग बाबा शेवटी काय म्हणाले?” तिने विचारलं. “आईला तुम्ही सांगितलं होतं, देवीचं नाव घेतलं.”

“‘स्टॉपेज’ म्हणाला.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे माझं हत्यार अडलंय, मागच्याने गोळी चालवावी.”

“मागे कोण होतं?”

“मी होतो.”

फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीनकडे बघितलं. मिनिटं पुढे सरकत होती.

“आईला तुम्ही सांगू नका,” ती म्हणाली. “मी सांगेन. आणि उद्या फोन करू नका, काका. यापुढेही नको.”

“बरं,” मी म्हणालो.

नाईक महादेव शेडगे. वय एकोणतीस. त्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. तो नवव्या पायरीवर होता. मी सातव्या.